सोडलेले मासे

६ जानेवारी

आज टोपीवाला ऑफिसच्या दारातूनच ओरडला, "बाई, माशाला माणसाचे दात आहेत!"

मला ऐकू आलं ते असं : माशात माणसाचे दात आहेत. अक्षरांचा काय तो फरक. पण चहा टेबलावर, टेबलावरून साहेबांच्या कागदांवर, आणि मी फरशीवर बसलेली. टोपीवाल्याला काही कळेना. त्याने बादली खाली ठेवली, लोकरी टोपी काढली आणि एवढ्या थंडीत मला तिनेच वारा घालायला लागला. तलावावर तो हल्लीच मासे धरायला यायला लागलाय, त्याला आमच्या घरचं काय माहीत असणार.

आमचा दादा नोव्हेंबरच्या अखेरीस सकाळी घरातून गेला तो आलाच नाही. स्कूटर तलावाच्या बांधावर उभी, किल्ली तिलाच. होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले, काही हाती लागलं नाही. पोलीस म्हणाले, तलाव खोल आहे, वाट बघा. कशाची वाट बघायची हे काही ते बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्यासमोर बादली आली की मी आधी डोळे मिटून घेते आणि मग झाकण काढते. आणि माझं काम काय, तर याच तलावातून येणाऱ्या बादल्यांत डोकावायचं. कोणाच्या गळाला अनोळखी मासा लागला की तो माझ्याकडे येतो. हा कोण, कुठला, इथे कसा आला, हे मी सांगायचं.

बादलीत पाकू निघाला. ताटाएवढा, चपटा, पोटाला लालसर. दूरच्या उष्ण नद्यांमधला मासा. झाडाखाली पडलेल्या बिया फोडून खातो, म्हणून त्याला दाढांसारखे दात असतात. ओठ उचलून पाहिला तर खरंच एखाद्या म्हातारबुवांची कवळी बसवल्यासारखा. माशाचे दात, माशाचेच दात, असं मी स्वतःला समजावत राहिले.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"धक्क्याजवळ," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुपारी मासा मेला. नियमाप्रमाणे पोट उघडून त्याने काय खाल्लंय ते बघायचं असतं. मी तो तसाच फ्रीजरमध्ये ठेवला. साहेबांना म्हटलं, उद्या बघते. या तलावातल्या कुठल्याच माशाचं पोट मी गेल्या महिन्याभरात उघडलेलं नाही. कारण इथेही लिहवत नाही.

७ जानेवारी

दिवसभर एक विचार डोक्यात घर करून बसलाय. लिहून काढला तर तो खरा होईल की पळून जाईल, कळत नाही. लिहितेच.

आमच्या कामात परक्या माशासाठी तीन शब्द आहेत. रुजलेला, म्हणजे इथे येऊन अंडी घातलेला, आता इथलाच. भरकटलेला, म्हणजे पुरात कुठून तरी वाहत आलेला. आणि सोडलेला, म्हणजे कोणी तरी घरचा आणून पाण्यात टाकलेला. कालचा पाकू सोडलेला, यात शंकाच नाही. काचेवर घासून घासून नाकाचं कातडं गेलेलं होतं. टाकीतल्या माशांचं होतं तसं.

आता पुढचं. तलावाचं पाणी सध्या आठ अंश आहे. पाकू या पाण्यात एक रात्रसुद्धा काढणार नाही. आणि तो माझ्याकडे आला तेव्हा जिवंत होता. म्हणजे त्याला सोडला तो कालच, फार तर परवा संध्याकाळी.

एवढा मोठा पाकू या गावात एकाच दुकानात होता. दादाच्या.

दुपारी कोणाला न सांगता दुकानापाशी गेले. दाराच्या काचेला नाक लावून आत पाहिलं. सगळीकडे अंधार. मोठी टाकी रिकामी. पाकू नाही, काच चाटणारे सकर मासे नाहीत, आणि जावईबापूही नाहीत! जावईबापू म्हणजे दादाचा ऑस्कर मासा. जेवण मनासारखं नसलं की कोपऱ्यात तोंड करून रुसून बसतो, म्हणून दादाने ते नाव ठेवलं. विकायला ठेवला होता, पण कोणी भाव विचारला की दादा सांगायचा, "तो घरचा आहे."

कुलूप शाबूत होतं. दुकानाच्या किल्ल्या दोनच. एक दादाकडे. दुसरी वहिनीकडे, पण ती म्हणते की त्या दिवसापासून तिचं पाऊलच तिकडे वळलेलं नाही.

म्हणजे सोडणारा किल्ली असलेला. सोडणारा परवा-कालपर्यंत हातीपायी धड. पुढचं वाक्य लिहायला हात धजावत नाही. मी पहिल्यापासूनची भित्री भागूबाई. वाईटाला घाबरते हे ठीक, पण चांगल्यालाही एवढं घाबरावं?

८ जानेवारी

सांगून टाकलं.

जेवायला बसलो होतो. बसलो म्हणजे मी आणि वहिनी. आई नुसती येऊन बसते. दादा गेल्यापासून तिने चहा आणि चार घास यापलीकडे काही घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नळ्या लावाव्या लागतील. तिचे हात बघवत नाहीत.

मी सांगायला लागले आणि मला थांबताच येईना. पाकू, आठ अंश, नाकाचं कातडं, रिकामी टाकी, किल्ली. "आई, त्याला सोडणारा परवा जिवंत होता गं. दादा आहे. कुठे तरी लपून बसलाय, पण आहे."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं वन्सं, ते मासे…" ती म्हणाली. लग्न झालं तेव्हा गमतीने वन्सं म्हणायला लागली, ते तसंच राहिलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "मला वाढ."

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"ताट वाढ मला. पोरगं परत आलं आणि मी अशी काटकुळी दिसले तर काय म्हणेल?"

वहिनी उठली. ताट केलं. आई हळूहळू सगळं जेवली, ताट पुसून जेवली. वहिनी तिच्यासमोर उभी राहून बघत होती. मी विचारलं, "तू काय म्हणत होतीस, ते मासे काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "थंडीत मेले असतील बाकीचे, एवढंच."

मला राग आला. नवरा जिवंत आहे म्हणून सांगतेय मी आणि हिला माशांची पडलीय.

१० जानेवारी

आई दोन्ही वेळा जेवतेय. आज खिडकीत जाऊन बसली. रस्त्यावरून स्कूटर गेली की मान वळवते.

वहिनीचं मात्र काही खरं नाही. तिला आनंद झालेला मी अजून पाहिलेला नाही. रोज पहाटे "चालून येते" म्हणून निघते, हातात पिशवी, आणि येते तेव्हा स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. चालायला जाते की पोहायला? विचारलं तर म्हणाली, नळावर तोंड धुतलं. आज ओट्याशी गाजरं किसत बसली होती, बोटं केशरी झालेली. जेवायला बसलो तर ताटात गाजराचा पत्ता नाही.

ही काही तरी लपवतेय. हे लिहितानाच मला भीती वाटतेय, कारण काय लपवतेय ते मला थोडं थोडं कळायला लागलंय.

१३ जानेवारी

टोपीवाल्याने आज सकर आणला. पाठीवर हाडांच्या खवल्यांचं चिलखत, पोटाशी गोल तोंड. हाही जिवंत, हाही नाक घासलेला. बरोबर एक फाटकी प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. "ही तिथेच काठाला होती बाई, म्हटलं तुम्हाला कामाला येईल."

पिशवीच्या तोंडाशी रबर अजून होतं. दोन वेढे, मग पीळ, मग उलटा वेढा. गिऱ्हाईकाला मासा बांधून द्यायची ही दुकानातली पद्धत. मी ते रबर मुठीत धरून मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

घरी आल्यावर वहिनीला पिशवी दाखवली नाही. नुसतं म्हटलं, "एवढ्या गार पाण्यात एकदम टाकले असतील तर धक्क्यानेच जायचे बिचारे."

ती कपडे वाळत घालत होती. मागे न बघताच म्हणाली, "नीट सोडलेत. पिशवी आधी पाण्यात तरंगत ठेवली, पाणी थोडं थोडं आत घेतलं, मग तोंड उघडलं. एकही दचकला नाही."

आणि मग हातातला टॉवेल दोनदा झटकला.

एकही दचकला नाही! हे तिला कसं माहीत? बघितल्याशिवाय किंवा ज्याने केलं त्याने सांगितल्याशिवाय कसं माहीत?

ती दादाला भेटते. आता माझी खात्री झाली. पहाटे जाते ती त्यालाच भेटायला जाते. आई इथे खिडकीत डोळे लावून बसलीय, मी बादल्यांना घाबरून मरतेय, आणि हे दोघं. दादाला आम्हाला भेटायचं नाही का? आम्ही काय केलं? तो जिवंत असावा एवढंच मागत होते मी, आणि आता वाटतंय की जिवंत असून तो आमच्यापासूनच पळालाय. हीसुद्धा भीतीच आहे, फक्त तिचं तोंड वेगळं.

विचारणार होते तिला. नाही विचारलं. ती "हो" म्हणाली असती तर?

१५ जानेवारी

साहेबांनी बोलावून घेतलं. आवाज नेहमीसारखाच मऊ. घरातलं विचारलं, आईची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, दोन जातींचे मासे दहा दिवसांत. कोणी तरी आपला तलाव कचराकुंडी समजतंय. सोडणारा सापडला पाहिजे. यात गय नाही."

मी मान हलवली. माझी मान माझ्या मदतीशिवायच हलते हल्ली.

"तुमच्या भावाचं दुकान होतं ना? तिथून कोण मोठे मासे नेत असे, काही अंदाज?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे आवाज चिरकला. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं, भावाच्या आठवणीने गहिवरली.

आता दादा सापडला तरी पंचाईत, नाही सापडला तरी पंचाईत.

१६ जानेवारी

सगळं संपलं.

नीट लिहिते. आज टोपीवाला रिकाम्या हाताने आला आणि मुकाट्याने खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "बाई, एक सांगू का, रागावू नका. ते मासे धक्क्याजवळचे नाहीत. जिथले आहेत तिथे गळ टाकायला बंदी आहे म्हणून बोललो नाही. पण काल तिकडे पहारेकऱ्याने बघितलं मला, तर म्हटलं तुम्हाला तरी खरं सांगावं."

"कुठले आहेत?"

"वीजकेंद्राच्या मोरीतले. कोमट पाणी येतं ना तिथे."

मी थर्मामीटर घेऊन धावत गेले. कुंपणाच्या तारेखालून वाकून आत शिरले, आयुष्यात पहिल्यांदा बंदी मोडली. वीजकेंद्र यंत्रं गार करून झालेलं पाणी तिथे तलावात सोडतं. मोरीच्या तोंडाशी वाफ तरंगत होती. चोवीस अंश.

चोवीस अंशांत पाकू मजेत राहतो. आठवडे राहतो, महिने राहतो. काल सोडलेला असो की नोव्हेंबरात.

नोव्हेंबरात. म्हणजे जायच्या आधी दादाने दुकान रिकामं केलं असेल. एकेक मासा पिशवीत बांधून, नीट तरंगत ठेवून, एकही दचकू न देता. वहिनीला ते तेव्हाच कळलं असेल. आणि मग स्कूटर बांधावर लावली असेल. ही मोरी आणि तो बांध यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर आहे.

मोजलेलं सगळं बरोबर होतं. फक्त पाणी कुठलं, ते मी विचारलं पण तपासलं नाही. शिकाऊ मुलगीही करणार नाही अशी चूक. त्या चुकीवर माझी आई जेवतेय.

घरी आले तेव्हा आईने विचारलं, "काही नवीन?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "येईल गं. मासे सोडायला येतो तसा घरीही येईल."



१७ जानेवारी

आज सकाळी ऑफिसात कोणी यायच्या आत फ्रीजर उघडला. आता आणखी काय व्हायचं राहिलंय, असं म्हणत पाकूला बाहेर काढला. वितळायची वाट बघताना तीनदा हात धुतले.

पोट उघडलं.

आत मला ज्याची भीती होती तसलं काही नव्हतं. अजिबात नव्हतं. लाल-केशरी गोळ्या होत्या, मूठभर. कडा अजून शाबूत, एकमेकींना चिकटलेल्यासुद्धा नाहीत. मी एक फोडून वास घेतला. गाजर आणि सुकट. दादाच्या हातच्या गोळ्या! बाजारच्या गोळ्या मोठ्या माशांना बाधतात म्हणून तो स्वतः मळून करायचा.

कोमट पाण्यात एवढं खाणं पोटात अख्खं राहत नाही, काही तासांत त्याचा लगदा होतो. म्हणजे सहा जानेवारीच्या सकाळी, टोपीवाल्याचा गळ पडायच्या जरा आधी, याला कोणी तरी खायला घातलं होतं. नोव्हेंबरात नव्हे. सहा जानेवारीला!

आणि गाजर! वहिनीची ती केशरी बोटं! सगळं जुळलं. ती घरी गोळ्या करते, पहाटे नेऊन दादाला देते, दादा माशांना घालतो. तो माशांना सोडून जाऊ शकत नाही. आम्हाला सोडून गेला असेल, पण जावईबापूला उपाशी ठेवणार नाही. मला हसू आलं आणि मग रडू आलं. टेबलावर चिरलेला पाकू, आणि मी हसतेय-रडतेय.

उद्या पहाटे मोरीपाशी जाऊन बसणार आहे. वहिनीच्या आधी. साहेबांना जागा आज सांगावीच लागली, पहारेकऱ्याकडून त्यांच्या कानावर गेलंच होतं. सोमवारी जाळं लावून मोरी साफ करणार. त्याच्या आत दादाला गाठलं पाहिजे. त्याला ओरडणार नाही. का गेलास हेही विचारणार नाही. फक्त म्हणेन, घरी चल, आई वाट बघतेय.

भीती आहेच. पण आज पहिल्यांदा ती मला पळवून लावत नाहीये, पुढे ढकलतेय.

१८ जानेवारी

क्रमाने लिहिते, नाही तर लिहून होणार नाही.

उजाडायच्या सुमारास मोरीपाशी पोचले. कुंपणापलीकडे पंपाची जुनी खोली आहे, तिच्या भिंतीआड उभी राहिले. वाफेने पाणी नीट दिसत नव्हतं. थोड्या वेळाने काठाजवळ काही तरी गोल, काळं, केशरी डाग असलेलं वर आलं आणि तिथल्या तिथे डुलत राहिलं. जावईबापू! जेवायची वेळ झाली होती त्यांची. मी हाक मारणार होते, तोंडावर हात दाबून धरला.

मग वाळूवर पावलं वाजली. ओळखीची की अनोळखी, काही कळेना, कानात नुसते ठोके. मी मनात म्हणत होते, दादा, दादा, दादा. तार वाकल्याचा आवाज झाला. कोणी तरी काठाशी बसलं, डबा उघडला, आणि पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत.

जावईबापू त्या हातातून खाऊ लागला.

मी भिंतीआडून बाहेर आले. "वहिनी?"

ती दचकली नाही. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, मी एकटीच आहे याची खात्री केली. "थांब," म्हणाली, "यांचं आधी होऊ दे."

मी थांबले. मग विचारलं. तरीही विचारलंच. "दादा कुठंय?"

"मला माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का गं?"

"मग हे मासे कोणी…"

"मी." तिने डबा उपडा करून शेवटच्या गोळ्या पाण्यात झटकल्या. "मालकाला दुकान परत हवं होतं. वीज तोडायला येणार होते. टाक्या गार पडल्या असत्या. लहान मासे लोकांनी नेले, मोठे कोणी घेईना. जो तो सांगायचा, बर्फात ठेव, झोपेतच जातात. नाही झालं माझ्याने. हे म्हणायचे ना, मोरीचं पाणी आपल्या टाकीसारखं आहे. नवीन वर्ष लागलं तेव्हा खेपा घालून आणून सोडले."

मी वाळूवर बसले. पाकू आला त्या दिवशी फरशीवर बसले होते तशीच. पण या वेळी वारा घालायला कोणी नव्हतं.

"त्या दिवशी जेवताना का नाही सांगितलंस?"

"तोंड उघडलं होतं मी," वहिनी म्हणाली. "आईंनी ताट मागितलं."

ती माझ्याशेजारी येऊन बसली. ओल्या बाह्या पिळल्या. तिचे हात कोमट होते.

मला आठवलं, मासे कोणी सोडले याबद्दल तिने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. "नीट सोडलेत," म्हणाली होती. पिशवी ठेवली, पाणी घेतलं, तोंड उघडलं. आपल्या बोलण्यात काम झालेलं कळतं, ते बाईने केलं की पुरुषाने, हे त्यात दिसतच नाही. आणि मी आपली बारा दिवस सोडणारा, सोडणारा करत बसले. सोडणारी असेल असं एकदाही मनात आलं नाही. मनात येऊच दिलं नाही, असं म्हणायला हवं. सोडणारी असती तर दादा नसता.

"वहिनी, जाताना तो काय म्हणाला होता? खरं सांग."

हे मी तिला आजवर विचारलंच नव्हतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले होते.

"चपला घालत होते," ती म्हणाली. "मागे न बघता म्हणाले, 'मोठ्यांना थंडी लागू देऊ नकोस.' मी म्हटलं, बरं. मोठे म्हणजे मोठे मासे की आई, ते विचारायचं राहून गेलं." तिने डब्याचं झाकण लावलं. "म्हणून मग दोन्हीकडे बघतेय."

तिथेच मी मोठ्याने रडले. ती नाही रडली. ती माझी पाठ थोपटत होती आणि पाण्याकडे बघत होती. मी तिच्याबद्दल या वहीत काय काय लिहिलंय ते तिला कळू नये एवढीच आता इच्छा आहे.

सोमवारच्या जाळ्याचं तिला सांगितलं. "तुझं कामच आहे ते," ती म्हणाली. "तोवर येत जाईन मी." मग जरा वेळाने, "सोडणारा कोण म्हणून विचारतील ना तुला?"

"सांगेन की सोडणारा सापडला नाही," मी म्हटलं. बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. तिलाही कळलं असावं. आम्ही दोघी उठलो आणि तारेखालून बाहेर आलो.

घरी येईपर्यंत चांगलं उजाडलं होतं. जिन्यात ठरवत होते की आता आईला सांगायचं, सगळं, आजच. साहेबांकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दार आईनेच उघडलं. केस विंचरलेले, शाल पांघरलेली. आम्हा दोघींना एकत्र बघून तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, वहिनीच्या ओल्या बाह्यांकडे, पुन्हा माझ्याकडे.

"भेटला?" आईने विचारलं.

वहिनी खाली बघत चपला काढत राहिली.

"हो," मी म्हणाले. "लांबूनच. बोलला नाही. पण दिसला."

माझा आवाज चिरकला नाही. मला वाटलं होतं चिरकेल.

आई बराच वेळ दाराची कडी हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "बरं." वहिनीला म्हणाली, "बाह्या बदल तुझ्या, गारठशील." मला म्हणाली, "चिमे, चहा टाकते, तोंड धुऊन ये." आणि आत गेली. कप मांडताना तिच्या हातून एकही वाजला नाही. चहाबरोबर तिने स्वतः दोन बिस्किटं खाल्ली, मी बघतेय हे बघून तिसरंही खाल्लं.

मी चार दिवस कुठे प्रशिक्षणाला जाऊन आले तरी आई दारातच विचारते, बारीक झालीस का गं. आज दीड महिन्याने मुलगा दिसला म्हटलं, तर तो बारीक झालाय का, हे तिने विचारलं नाही.